जर्मनीतल्या फाखहोखशूलेचं संशोधन कितपत भक्कम असतं? बॉन-राइन-झीगच्या निमित्ताने काही प्रश्न

अर्धवर्तुळ

प्रश्न एका संस्थेपुरता ठेवते, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. होखशूले बॉन-राइन-झीगमध्ये ऑटोनॉमस सिस्टिम्स विषयात इंग्रजी माध्यमातलं चार सत्रांचं एमएस्सी आहे. विषय आणि प्रयोगशाळा दोन्ही पटल्या. पण ही संस्था फाखहोखशूले गटातली, म्हणजे उपयोजित विज्ञानाचं विद्यापीठ. या गटातल्या संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक याद्यांत सहसा दिसत नाहीत. मास्टर्सनंतर पीएचडी करायची आहे, म्हणून तीन गोष्टी कळायला हव्यात.

यादीत नाव नसणं म्हणजे संशोधन नसणं का? एखाद्या होखशूलेत खरोखर काय चाललंय हे घरबसल्या तपासायचं कसं? आणि इथून मास्टर्स केलं तर पीएचडीचं दार उघडं राहतं की अर्धवट मिटतं?

एपीएस (भारतीय कागदपत्रांची पडताळणी) आणि व्हिसा यांवर आधीच पुष्कळ धागे आहेत, ती चर्चा इथे नको.

---

तिरकी_रेघ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

टाइम्सच्या यादीत शिरायचं तर पाच वर्षांत किमान १००० शोधनिबंध लागतात. ही अट मोठ्या, पीएचडीचे विद्यार्थी शेकड्यांनी असलेल्या विद्यापीठांच्या मापाने शिवलेली आहे. होखशूलेच्या प्राध्यापकाला आठवड्याला साधारण १८ तास शिकवावं लागतं, विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ८ ते ९. शिवाय हाताखाली कायमचे संशोधन सहायक जवळजवळ नसतात. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की निबंधांची संख्या कमी का, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे यादीत नाव नसण्यावरून संशोधनाच्या दर्जाबद्दल काहीच ठरवता येत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

दुसरा फरक नेमणुकीचा. होखशूलेचा प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच, पण त्याबरोबर किमान ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान ३ वर्षं उच्चशिक्षणाच्या बाहेरची हवीत. म्हणजे समोर शिकवणारा माणूस कारखान्यात, रुग्णालयात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत काम करून आलेला असतो. त्याचे संशोधनाचे प्रश्नही तिथूनच येतात: बेअरिंग वेळेआधी का झिजतं, कॅमेऱ्याला अंधारात माणूस का दिसत नाही. अशा कामाचं फळ बऱ्याचदा निबंधाऐवजी चाचणी-यंत्र, पेटंट किंवा कंपनीला दिलेला अहवाल या रूपात निघतं.

नावांचा घोळही समजून घ्या, कारण अर्ज करताना लोक इथेच फसतात. आरडब्ल्यूटीएच आखेनच्या नावात 'टेक्निशे होखशूले' असूनही ते पूर्ण विद्यापीठ आहे. त्याच शहरात एफएच आखेन आहे, ती उपयोजित विज्ञानाची संस्था. टीएच क्योल्न हे नाव २०१५ पासूनचं, त्याआधी तीच संस्था फाखहोखशूले क्योल्न होती. बायर्नमधल्या टीएच इंगोलश्टाट, टीएच डेगेनडोर्फ या संस्थाही याच गटातल्या. थोडक्यात, नावातल्या 'टीएच' वरून काही कळत नाही. हा संस्थाप्रकार राज्यांच्या १९६८च्या करारातून जन्मला. जुन्या अभियांत्रिकी शाळा आणि उच्च व्यावसायिक शाळा एकत्र करून १९७०च्या आसपास बहुतेक संस्था उभ्या राहिल्या.

बॉन-राइन-झीग त्यामानाने तरुण आहे, १९९५ची. राजधानी बर्लिनला हलवायचं ठरल्यावर बॉन परिसराला भरपाई म्हणून जे प्रकल्प मिळाले त्यातून ती उभी राहिली. झांक्ट ऑगुस्टिन, राइनबाख आणि हेनेफ अशा तीन ठिकाणी तिचं काम चालतं. संगणकशास्त्र झांक्ट ऑगुस्टिनला आहे, आणि त्याच गावात बिर्लिंगहोफेनच्या किल्ल्याच्या आवारात फ्राउनहोफर या उपयोजित संशोधन करणाऱ्या संघटनेच्या आयएआयएस, एससीएआय आणि एफआयटी या तीन संस्था आहेत. रोबोटिक्सच्या विद्यार्थ्याला या शेजाराचं मोल फार आहे: प्रकल्प, अर्धवेळ काम आणि प्रबंधाचा दुसरा परीक्षक, तिन्ही तिथे मिळू शकतात. संस्थेचा बी-इट-बॉट्स हा संघ २००९ साली रोबोकप या रोबोंच्या जागतिक स्पर्धेच्या अ‍ॅट-होम (घरकामाचे रोबो) गटात जगज्जेता होता. मात्र एका करंडकावरून आजचं मोजमाप करू नये.

---

नोंदवही

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, पण तेच खरं कामाचं.

संस्थेच्या संकेतस्थळावरचं 'आमचं संशोधन' हे पान शेवटी वाचा. आधी पैशांच्या नोंदी बघा, कारण त्या संस्थेने लिहिलेल्या नसतात. संघ सरकारचा फ्योर्डरकाटालोग सर्वांना खुला आहे. अनेक मंत्रालयांनी अनुदान दिलेले चालू आणि संपलेले प्रकल्प त्यात ओळीओळीने आहेत.

शोधताना दोन रकाने वेगळे ठेवा. 'त्सुवेंडुंग्सएम्फेंगर' म्हणजे ज्याच्या नावावर पैसे आले ती संस्था. 'आउसफ्यूरेंडे श्टेले' म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा विभाग. पहिल्या रकान्यात होखशूलेचं नाव टाका आणि दुसऱ्यात कोणता विभाग पुन्हापुन्हा येतो ते मोजा. दहा ओळींपैकी आठ एकाच विभागाच्या असतील तर 'संशोधनात आघाडीवर' ही कीर्ती त्या एका विभागाची आहे, तुमचा विषय तिथे नसेल तर तुम्हाला तिचा उपयोग नाही.

आता एक ओळ नीट वाचू. सुरुवातीला प्रकल्पाचा सांकेतिक क्रमांक असतो. तो १३एफएच ने सुरू होत असेल तर पैसे बहुतेक फाखहोखशूलेंसाठी राखून ठेवलेल्या कार्यक्रमातले, म्हणजे स्पर्धा फक्त आपल्या गटातल्यांशी झाली. ०१आयएस सारखा क्रमांक असेल तर तो माहिती-तंत्रज्ञानाच्या खुल्या कार्यक्रमातला, तिथे विद्यापीठं आणि फ्राउनहोफरशीही टक्कर असते. दोन्ही पैसे चांगलेच, पण दुसऱ्याचं वजन जास्त. मग मुदत बघा आणि रक्कम बघा. एका पूर्णवेळ संशोधकाचा तीन वर्षांचा पगारखर्च ढोबळमानाने सव्वादोन ते अडीच लाख युरो होतो. म्हणजे तीन वर्षांसाठी अडीच लाखांची ओळ दिसली की समजायचं, एका माणसाची जागा आहे. दहा लाखांची दिसली तर तीन-चार जणांचा गट आहे किंवा महागडं यंत्र घेतलं आहे. 'फेरबुंडप्रोयेक्ट' लिहिलेलं असेल तर प्रकल्प अनेक भागीदारांचा, आणि त्या ओळीतली रक्कम फक्त त्या एका भागीदाराची असते. भागीदारांची यादी उघडून बघा: त्यात एखादं विद्यापीठ असेल तर पुढे पीएचडीसाठी दुसरा मार्गदर्शक तिथूनच मिळण्याची शक्यता असते.

चुका कुठे होतात? संस्थेचं जुनं नाव शोधलं जात नाही. बॉन-राइन-झीगच्या जुन्या नोंदी 'फाखहोखशूले बॉन-राइन-झीग' या नावाने सापडतील. दुसरी चूक म्हणजे या यादीलाच सगळं चित्र समजणं. राज्य सरकारचा पैसा, कंपन्यांची थेट कामं आणि डीएफजी या जर्मन संशोधन-निधी संस्थेचं अनुदान यात नसतं. डीएफजीसाठी गेप्रिस हा वेगळा संग्रह आहे, त्यात मार्गदर्शकांची नावं आणि विषय मिळतात, रक्कम मिळत नाही. युरोपीय प्रकल्पांसाठी कोर्डिस, पेटंटसाठी जर्मन पेटंट कार्यालयाची नोंदवही. डीएफजीच्या एकूण पैशात होखशूलेंचा वाटा फारच तुटपुंजा आहे, म्हणून गेप्रिसमध्ये तुमच्या विषयाची एक जरी ओळ सापडली तरी ती फ्योर्डरकाटालोगमधल्या चार ओळींच्या तोडीची माना.

शेवटी जर्मन कुलगुरू परिषदेचा संशोधन-नकाशा. त्यात होखशूलेंसाठी स्वतंत्र भाग आहे. प्रत्येक संस्थेला आपले मोजकेच संशोधन-विषय मांडता येतात, त्यामुळे संस्था स्वतःची ओळख कशावर सांगते ते तिथे दिसतं. तुमचा विषय त्या मोजक्यांत आहे का, एवढंच बघायचं.

---

कोनमापक

नोंदवही यांची पद्धत उत्तम आहे, पण पैशाच्या ओळी मोजून थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. बाहेरून आणलेला पैसा म्हणजे ड्रिटमिटेल. तो काम आहे हे दाखवतो, काम कसं आहे ते दाखवत नाही.

मग कसं काम भक्कम म्हणायचं? ज्याच्या निष्कर्षांवर संस्थेबाहेरची माणसं निर्णय घेतात ते. एचटीडब्ल्यू बर्लिन ही होखशूले घ्या, अक्षय ऊर्जेचे प्राध्यापक फोल्कर क्वाशनिंग तिथलेच. तिथला गट २०१८पासून दरवर्षी घरगुती सौर बॅटऱ्यांची तपासणी प्रसिद्ध करतो. पद्धत अशी: बॅटरी आणि इन्व्हर्टरचे प्रयोगशाळेत मोजलेले आकडे घ्यायचे, वर्षभराच्या वापराचं गणित मांडायचं आणि शून्य तोटा असलेल्या आदर्श यंत्रणेने जेवढी बचत केली असती त्याच्या तुलनेत खरी यंत्रणा किती टक्के बचत करते ते सांगायचं. या आकड्याला ते सिस्टिम परफॉर्मन्स इंडेक्स म्हणतात. तोटा कुठे होतो तेही वेगळं काढतात: विजेचं रूपांतर होताना, यंत्रणा नुसती चालू राहताना, नियंत्रण उशिरा प्रतिसाद देतं तेव्हा. उत्पादक स्वतः होऊन आपली यंत्रणा यात देतात, कुणी नावाने, कुणी निनावी. असं मापन मोठ्या विद्यापीठातून सहसा येत नाही, कारण त्यात सैद्धांतिक नवेपणा कमी आणि चिकाटी जास्त. होखशूलेचं बळ नेमकं इथे आहे.

आणखी तीन जागा नोंदवून ठेवा. टीएच इंगोलश्टाटचं कारिस्मा हे वाहनसुरक्षेचं केंद्र २०१६ साली सुरू झालं. संघ आणि राज्याच्या संशोधन-इमारतींच्या योजनेतून एखाद्या होखशूलेला मिळालेली ती देशातली पहिली इमारत. या योजनेत प्रस्तावांची छाननी विसेनशाफ्ट्सराट, म्हणजे देशाची विज्ञान परिषद करते आणि स्पर्धा विद्यापीठांशी असते, म्हणून तिला महत्त्व. लेमगोला टीएच ओडब्ल्यूएलच्या आवारातच औद्योगिक स्वयंचलनाचं फ्राउनहोफर केंद्र आहे. आणि एफएच आखेनची युलिशमधली सौर संस्था १९९२पासून काम करते आहे. तिन्ही ठिकाणी यंत्रं, माणसं आणि विषय बरीच वर्षं एकाच दिशेने साठत गेले आहेत. असं साठलेलं काम शोधा.

आता सावधगिरीची गोष्ट, ज्याकडे पीएचडी करू पाहणारे हमखास दुर्लक्ष करतात: प्रबंधावरचा श्पेरफेरमेर्क. होखशूलेतले बरेच मास्टर्स प्रबंध कंपनीत होतात. पगार मिळतो, यंत्र मिळतं, नोकरीची शक्यताही असते. पण कंपनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर गोपनीयतेचा शेरा लावते आणि मग तो परीक्षकांपलीकडे काही वर्षं कुणालाच दाखवता येत नाही. पीएचडीच्या अर्जात तुमच्या संशोधनाचा नमुना मागितला की हातात उरतं फक्त शीर्षक. त्यावर निबंध लिहिणंही अडतं. पीएचडी ठरलेली असेल तर प्रबंध होखशूलेच्याच प्रयोगशाळेत किंवा फ्राउनहोफरसारख्या संस्थेत करा. कंपनीतच करायचा तर करारावर सही करण्याआधी लेखी ठरवा की पद्धत आणि निकाल प्रसिद्ध करता येतील, गुप्त राहतील ते फक्त कंपनीचे आकडे आणि भागांची नावं. नंतर कुणी बदलून देत नाही.

---

सव्वीस_अक्षरं

तिसरा प्रश्न घेते.

दार उघडं आहे. होखशूलेचं मास्टर्स आणि विद्यापीठाचं मास्टर्स दोन्हींमुळे पीएचडीची पात्रता तत्त्वतः सारखीच येते. अडचण कायद्यात नसून तपशिलात आहे.

पहिला तपशील श्रेयांकांचा. पीएचडीसाठी बहुतेक विद्याशाखा पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस (युरोपीय श्रेयांक) मागतात. होखशूलेंची बरीच मास्टर्स तीन सत्रांची, ९० ईसीटीएसची असतात, कारण त्यांची स्वतःची पदवी सात सत्रांची, २१० ची असते. तुमची पदवी १८० ची धरली गेली तर बेरीज २७० वर अडकते. मग एक तर प्रवेशाच्या वेळीच ३० ईसीटीएसचे जादा विषय लावतात, नाहीतर तो प्रश्न पीएचडीच्या दारात उभा राहतो. चार सत्रांच्या, १२० च्या मास्टर्सला ही भानगड नाही. तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम चार सत्रांचा आहे ही म्हणूनच मोठी जमेची बाजू.

दुसरा, पदवी कोण देणार. जुना आणि अजूनही नेहमीचा रस्ता म्हणजे सहकारी पीएचडी: काम होखशूलेत, एक मार्गदर्शक तिथला, दुसरा विद्यापीठातला, पदवी विद्यापीठाची. विद्यापीठातला मार्गदर्शक मिळवणं हाच यातला अवघड टप्पा. शिवाय विद्याशाखेचे पीएचडीचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी होखशूलेतून आलेल्यांना एखाददोन विषय जास्तीचे द्यावे लागतात.

नवा रस्ता राज्याराज्यांत वेगळा. हेसेनने सुरुवात केली. होखशूले फुल्डाला २०१६ साली सामाजिक शास्त्रांत पीएचडी देण्याचा स्वतःचा अधिकार मिळाला, देशात पहिल्यांदाच. पुढे उपयोजित संगणकशास्त्रासाठी डार्मश्टाट, फ्रँकफर्ट, फुल्डा आणि राइनमाइन या चार होखशूलेंनी मिळून केंद्र काढलं. तिथे अधिकार संस्थेला सरसकट मिळत नाही. एकेका विषयात निबंध आणि अनुदान या दोन्ही निकषांवर उतरणाऱ्या किमान १२ प्राध्यापकांचा गट लागतो. नॉर्डराइन-वेस्टफालेनने वेगळी वाट काढली: होखशूलेंचं मिळून एक प्रोमोत्सिओन्सकोलेग (पीएचडीसाठीची सामाईक संस्था), मुख्यालय बोखुम, आणि नोव्हेंबर २०२२पासून पदवी देण्याचा अधिकार. बायर्नमध्ये १ जानेवारी २०२३पासूनच्या नव्या कायद्याने संशोधनात भक्कम विभागांना हा अधिकार मिळू लागला.

बॉन-राइन-झीग नॉर्डराइन-वेस्टफालेनमध्ये येतं. म्हणजे एखादा प्राध्यापक आवडला की लगेच बघायचं ते हे की तो किंवा ती प्रोमोत्सिओन्सकोलेगची सदस्य आहे का. सदस्यत्व आपोआप मिळत नाही, संशोधनाच्या निकषांवर तपासून देतात. त्यामुळे सदस्यांची यादी हीच दर्जाची एक खुली पावती आहे, आणि ती नोंदवही यांच्या पद्धतीला छान पूरक ठरते.

तिसरा तपशील पैशाचा आणि वेळेचा. होखशूलेत पीएचडी करणारा बहुतेक वेळा प्रकल्पाच्या पैशावर नेमलेला असतो, वेतनश्रेणी सहसा ई१३, कधी पूर्ण तर कधी अर्धी जागा. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा, पीएचडी मात्र चार ते पाच वर्षांची. मधल्या काळात करार संपतो आणि प्रबंध तसाच राहतो. होखशूलेतल्या पीएचडी सर्वात जास्त इथेच अडतात. म्हणून जागा स्वीकारताना विचारा: या प्रकल्पानंतर गटाकडे दुसरा कोणता चालू आहे आणि तो कधी संपतो? फ्योर्डरकाटालोगमधल्या संपण्याच्या तारखा बघून हे आधीच ताडता येतं. सगळ्या ओळी एकाच वर्षी संपत असतील तर जपून.

शुल्काबद्दल एकच वाक्य: नॉर्डराइन-वेस्टफालेनमधल्या सरकारी संस्थांत शिकवणीशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १५०० युरो आहेत.

---

अर्धवर्तुळ

फार उपयोगी पडलं, सगळ्यांचे मनापासून आभार. फ्योर्डरकाटालोग उघडून बसले आहे. दोन उपप्रश्न: अभ्यासक्रमात संशोधन किती हे मोडूलहांडबुखवरून (विषयांच्या माहितीपुस्तिकेवरून) ओळखता येतं का? आणि प्राध्यापकांना ईमेल कधी आणि कसा करावा? त्यांना १८ तास शिकवावं लागतं हे वाचून संकोच वाटतो आहे.

---

नोंदवही

मोडूलहांडबुखमध्ये प्रत्येक विषयाला 'आर्बाइट्सआउफवांड' म्हणजे कामाच्या तासांची ओळ असते. नेहमीचा ५ ईसीटीएसचा विषय १५० तासांचा: आठवड्याला ४ तास गुणिले १५ आठवडे म्हणजे ६० तास वर्गात, ९० तास स्वतः. ज्या विषयात वर्गातले तास १५-२० आणि स्वतःचे चारशेच्या वर दिसतील तो प्रकल्पाचा विषय. तुमच्या अभ्यासक्रमात प्रबंधाच्या आधी स्वतंत्र संशोधन-प्रकल्प आहे, त्याचं पान नीट वाचा. 'प्र्युफुंग्सलाइस्टुंग' या ओळीत लेखी अहवाल आणि सादरीकरण लिहिलं असेल तर ते खरं संशोधनाचं काम आहे. लेखी परीक्षा लिहिली असेल तर नाव प्रकल्प असलं तरी तो वर्गच. आणखी एक: 'मोडूलफेरआंटवोर्टलिशे', म्हणजे विषयाची जबाबदारी असलेली व्यक्ती. संशोधन-प्रकल्पाखाली जी नावं येतात तीच फ्योर्डरकाटालोगमधल्या गटांच्या पानांवर दिसतात का ते ताडून पाहा. दिसली तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प चालू संशोधनाला जोडलेले आहेत.

---

कोनमापक

ईमेलचं सांगतो. संकोच नको, वेळ मात्र साधा. होखशूलेत हिवाळी सत्राची व्याख्यानं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि जानेवारीत संपतात, मग परीक्षा. उन्हाळी सत्र मार्चच्या मध्यापासून किंवा शेवटापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात, किंवा ऑगस्टचा उत्तरार्ध. परीक्षेच्या आठवड्यांत पाठवलेला ईमेल उत्तरपत्रिकांच्या ढिगाखाली जातो.

विषयाच्या ओळीत प्रकल्पाचं संक्षिप्त नाव लिहा, 'पीएचडीची संधी' असं नको. मजकूर दहा ओळींच्या आत. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कोणत्या कामाबद्दल लिहिताय ते, पुढच्या चारांत तुम्ही काय करू शकता ते: कोणती भाषा, कोणता सेन्सर, आरओएसची (रोबो चालवण्याच्या सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती, काय चालवून पाहिलंय. मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येईल, उदाहरणार्थ 'संशोधन-प्रकल्पासाठी या विषयावर पुढच्या सत्रात जागा असेल का?' जोडणीत एकच पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं आडनाव. तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि त्यानंतरही आलं नाही तर त्याच गटातल्या संशोधन सहायकाला लिहा. प्रयोगशाळेत कोणत्या टेबलावर कोणतं काम अडलंय हे त्यांना जास्त ठाऊक असतं.